कॉलेजच्या लॅबसाठी घेतलेले मायक्रोपिपेट, वर्षभर वापरून झाल्यावर

मागच्या जूनमध्ये आमच्या एमएस्सीच्या लॅबला एका देशी कंपनीचे तीन मायक्रोपिपेट (अगदी थोडं द्रव मोजून ओढायचं-सोडायचं हातातलं साधन) घेतले, २ ते २०, २० ते २०० आणि १०० ते १००० मायक्रोलिटरचे. इम्पोर्टेड तीन घ्यायचं आमचं बजेटच नव्हतं. वर्षभर पोरांनी रोज वापरलेत म्हणून आता लिहितेय.

हातात हलके आहेत, प्लंजर म्हणजे वरचा दांडा मऊ आहे, फर्स्ट स्टॉप, म्हणजे ओढताना जिथपर्यंत दाबायचं ती पहिली अडण, अंगठ्याला नीट कळतो, नवीन मुलांसाठी हे फार महत्त्वाचं, नाहीतर दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून जास्तीचं ओढतात. आल्याआल्या मी स्वतः चेक केलं. अचूकतेचं सर्टिफिकेट आलं होतं तरी केलं, तुम्हीपण कराच. २०० वाला १०० वर सेट केला, बॅलन्सवर छोटी बाटली ठेवून डिस्टिल्ड वॉटर दहा वेळा टाकलं, १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन साधारण १०० मिलिग्रॅम यायला हवं, आपल्याकडच्या उकाड्यात किंचित कमी. सगळी रीडिंग ९९.३ ते ९९.८ मध्ये आली, मस्त.

डिसेंबरमध्ये मात्र गडबड झाली. एक मुलगी ब्रॅडफर्डनं (रंगावरून प्रोटीन मोजायची पद्धत) प्रोटीन एस्टिमेशन करत होती, बीएसएचे (तुलनेसाठी घेतात ते ठरावीक प्रमाणातलं प्रोटीन) पॉइंट काही केल्या आलेखाच्या रेषेवर बसेनात, तिनं तीनदा रिपीट केलं आणि आम्ही सगळे तिच्याच हाताला दोष देत राहिलो, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी त्याच २०० वाल्यानं पाणी ओढून सरळ उभा धरला तर वीसेक सेकंदांत टिपच्या (पुढे लावायची प्लास्टिकची नळी) टोकाला थेंब जमला. वजन केलं तर ९४, ९७, ९५, दरवेळी वेगळंच. २०० च्या पिपेटला आयएसओ ८६५५ या पिपेटच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १.६ मायक्रोलिटरपर्यंतच चूक चालते. कुणीतरी टिपमध्ये बफर असताना पिपेट टेबलावर आडवा ठेवला असणार, बफर आत गेलं आणि ओ-रिंग (आतली हवा गळू न देणारी रबरी कडी) खराब झाली.

कंपनीकडे नुसती ओ-रिंग मागितली तर अख्खा पिपेट पाठवा म्हणाले, परत यायला दीड महिना, ऐन प्रॅक्टिकलच्या दिवसांत. मशीन चांगलं, सर्व्हिस ढिली. घेणार असाल तर ऑर्डरमध्येच सील आणि ओ-रिंगचे जादा सेट लिहून घ्या, आणि पिपेट स्टँड पण घ्या, आम्ही तेव्हा पैसे वाचवायला घेतला नव्हता.

पिपेटला पाचपैकी चार, सर्व्हिसला दोन. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलंच वजन करून वहीत लिहितात, तिन्ही पिपेट सध्या व्यवस्थित चालू आहेत.