लाल वहीतली ‘डेसिडराटा’

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात हे जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. गाळा इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर आडवं होऊन वाट द्यावी लागते. पण खरी सोय म्हणजे काकांची लाल वही. हवं ते पुस्तक नसलं की नाव, आवृत्ती, फोन नंबर लिहून घेतात. पानावर मथळा: ‘डेसिडराटा’.

थाट वाटेल, पण दुर्मिळ पुस्तकांच्या इंग्रजी व्यवहारात हवं असून हाती न लागलेल्या पुस्तकांच्या यादीला हेच म्हणतात. शब्द लॅटिन. एकच पुस्तक असेल तर ‘डेसिडराटम’. कुणी ‘डेसिडराटाज’ म्हणालं की काका तोंडावर सुधारतात! नुसती आवड पुरत नाही, उणीव भासायला हवी. चार वाजताचा चहा या यादीत बसत नाही. अभ्यासकही हा शब्द वापरतात: एखाद्या विषयाची चांगली सूची अजून कुणी केलेली नसेल, तर ती डेसिडराटम.

माझ्या नावापुढे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती लिहिलेली. मध्यंतरी फोन आला, “मूळ प्रत नाही, पुनर्मुद्रण आहे. चालेल?” चाललं. शेवटच्या पानांना वाळवी लागलीय, हेही आधीच सांगितलं.

भावात घासाघीस नाही. पावती मात्र मागून घ्यावी लागते, आणि शनिवारी संध्याकाळी आत पाय ठेवायला जागा नसते.