डावखुरे टेक-डाउन धनुष्य, चौदा वर्षांची मुलगी आणि गोव्याचा पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आम्ही आमच्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी 66 इंची टेक-डाउन (सुटे करता येणारे) रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य घेतले. त्याची मधली मूठ, म्हणजे रायझर, लाकडाची आहे. वरच्या आणि खालच्या भुजा, ज्यांना तिरंदाज लिम्ब म्हणतात, लाकूड व फायबरग्लासच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या असून हाताने फिरवता येणाऱ्या बोल्टांनी रायझरला जोडायच्या असतात. एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा कोरडा हंगाम वापरून झाल्यावर हे लिहीत आहे, कारण खरेदीपूर्वी मला जे वाचायला मिळाले ते बहुतेक थंड, कोरड्या प्रदेशातल्या आणि स्वतःसाठी धनुष्य घेणाऱ्या प्रौढांनी लिहिलेले होते. हाडे अजून वाढत असलेल्या मुलांचे आणि गोव्यातल्या आमच्या साखळीसारख्या दमट गावाचे प्रश्न त्यांना पडलेले नव्हते.

हे वेड घरात आले ते अमेरिकेतून. माझे मोठे दीर मिनेसोटात राहतात आणि त्यांचा मुलगा त्यांच्याबरोबर धनुष्याने हरणाची शिकार करायला जातो. तिथे हा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत चालतो, त्यासाठी परवाना लागतो आणि हरणासाठी वापरायच्या धनुष्याचा ताण, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, किमान 30 पाउंड असावा असा नियम आहे. चुलतभावाने पाठवलेली चित्रे पाहून आमच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच शिकारीचा होता. त्याचे उत्तर आपल्याकडे एका वाक्यात संपते: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 9 अन्वये शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो. शेतीची नासाडी करणाऱ्या प्राण्याबाबतही वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कोणाला काही करता येत नाही. हे तिला आम्ही धनुष्य मागवण्यापूर्वीच सांगितले आणि शिकारीची धारदार पाती असलेली टोके घरात येणार नाहीत, हेही ठरवले. तरीही शिकारी तिरंदाजांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे असे माझे मत झाले आहे. त्याविषयी पुढे लिहिते.

खरेदीआधी दोन मापे घेतली. पहिले डोळ्याचे. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मध्ये लहानशी फट ठेवायची, तीतून दूरची वस्तू पाहायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसत राहते तो प्रबळ डोळा. आमची मुलगी उजव्या हाताने लिहिते, पण तिचा डावा डोळा प्रबळ निघाला. म्हणून धनुष्य डावखुरे, म्हणजे उजव्या हातात धरून डाव्या हाताने दोरी ओढायचे, असे घेतले. लाकडी रायझरला बाण टेकवायची खाच एकाच बाजूला कोरलेली असते, त्यामुळे हा निर्णय नंतर बदलता येत नाही. डावखुरी धनुष्ये दुकानात सहसा तयार नसतात; आम्हालाही बरीच वाट पाहावी लागली. घाईने उजवे घेण्यापेक्षा ती परवडली, कारण सुरुवातीपासून डाव्याच हाताने ओढायला शिकलेल्या मुलीला त्यात वेगळे काही वाटले नाही.

दुसरे माप ओढीचे, म्हणजे दोरी किती लांब मागे येते त्याचे. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याला अडीचने भागायचे. तिचे अंतर 165 सेंटीमीटर भरले, म्हणजे ओढ 66 सेंटीमीटर, साधारण 26 इंच. हा आकडा महत्त्वाचा, कारण भुजांवर छापलेला ताण 28 इंच ओढीसाठी असतो आणि एक इंच कमी ओढले की ढोबळमानाने दोन पाउंड कमी भरतात. आमच्या भुजांवर 20 पाउंड लिहिलेले होते, पण तिच्या बोटांवर येत होते ते सोळाच्या आसपास. हे कमी वाटते. मात्र 16 पाउंड म्हणजे सव्वासात किलो, आणि एका सरावात 60 बाण सोडले तर तेवढ्यात सव्वाचारशे किलोहून अधिक ओढून होते, तेही एकाच खांद्याने आणि पाठीच्या त्याच त्या स्नायूंनी.

ताणाची घाई हा या छंदातला सर्वांत मोठा धोका आहे, असे मी आता ठामपणे म्हणेन. शिकारीच्या कल्पनेने सुरुवात करणाऱ्या घरात तो अधिक असतो, कारण तिथल्या 30 पाउंडांचा आकडा मुलांच्या डोक्यात बसलेला असतो आणि मग सोळा पाउंडांचे धनुष्य खेळण्यासारखे वाटू लागते. दिरांनी सांगितलेली एक परीक्षा आम्हाला उपयोगी पडली: खुर्चीत ताठ बसायचे, धनुष्य आकाशाकडे न उचलता समोर धरायचे आणि दोरी सरळ, सावकाश मागे आणायची. हनुवटीखाली हात न थरथरता थोडा वेळ राहिला तर ताण पेलतो आहे. खांदा कानाकडे चढला किंवा कंबर मागे झुकली तर नाही. सुरुवातीच्या भुजांवर तिला ही परीक्षा नीट जमू लागेपर्यंत पावसाळा संपत आला होता. नंतर आम्ही 24 पाउंडांच्या भुजा घेतल्या. तोवर तिची ओढ अर्ध्या इंचाने वाढली होती, म्हणजे प्रत्यक्षात तिच्या हाताला सुरुवातीच्या मानाने पाच पाउंडांचा फरक पडला. पहिले काही आठवडे बाण निम्मे आणि विश्रांती दुप्पट ठेवावी लागली.

टेक-डाउन घेण्याचे खरे कारण हेच. रायझर तोच ठेवून फक्त भुजा बदलता येतात. मात्र बोल्टवाल्या लाकडी रायझरला सहसा त्याच उत्पादकाच्या भुजा बसतात. धातूच्या रायझरवर आयएलएफ नावाची जोडणी असते. तीत निरनिराळ्या कंपन्यांच्या भुजा चालतात आणि ताणही थोडा कमीजास्त करता येतो. मुलगा वा मुलगी या छंदात टिकेल अशी खात्री असेल तर पहिल्यापासून तोच मार्ग दीर्घकाळात स्वस्त पडेल. आम्हाला ती खात्री नव्हती आणि लाकडी रायझर हलका असल्यामुळे तिला तो पेलायला सोपा गेला, म्हणून मला त्या निवडीविषयी तक्रार नाही. कंपाउंड धनुष्याचाही विचार केला होता. त्याच्या चाकांमुळे पूर्ण ओढीवर हाताला फार थोडा भार उरतो, काही कंपाउंडांची ओढ आणि ताण पुष्कळ मर्यादेपर्यंत बदलता येतात, आणि 2028 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकारही येत आहे. पण त्याची दोरी बदलायला बो-प्रेस, म्हणजे भुजा दाबून धरणारा साचा, लागतो आणि तो हाताळणारा माणूस आम्हाला जवळपास सापडला नाही. रिकर्व्हची दोरी मुलगी स्वतः चढवते आणि उतरवते.

आता वस्तूच्या दोषांविषयी. रायझर उत्तम आहे, भुजा सरळ आहेत, पण संचाबरोबर आलेले बाकीचे सामान कामचलाऊ निघाले. बाण टेकवायचा प्लास्टिकचा चिकट तुकडा पहिल्याच पावसात सुटून पडला. हातावरचे आवरण एवढे मोठे होते की दोरी त्याच्या कडेला अडकत होती. सर्वांत वाईट म्हणजे बाण. बाणाचा ताठरपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, अंकांत सांगितला जातो: 28 इंचांच्या आधारावर ठेवलेल्या बाणाच्या मध्यावर 880 ग्रॅम वजन टांगले असता तो इंचाचा किती हजारावा भाग वाकतो, तो तो अंक. म्हणजे 1000 स्पाइनचा बाण एक इंच वाकतो आणि 500 चा अर्धाच. संचातले बाण 500 चे होते, म्हणजे सोळा पाउंडांसाठी फारच ताठर. डावखुऱ्या तिरंदाजाचे ताठर बाण उजवीकडे जातात आणि तिचे सगळे बाण नेमाने उजवीकडे जात होते. नेम चुकतो आहे असे समजून ती आपले उभे राहणे बदलत राहिली असती तर तीच सवय अंगवळणी पडली असती. योग्य लवचिकतेचे, तिच्या ओढीपेक्षा दोन इंच लांब असे अ‍ॅल्युमिनियमचे बाण घेतल्यावर त्याच दिवशी बाणांचा झुबका मध्याकडे सरकला. तेव्हा माझा सल्ला असा की धनुष्य साधे घ्यावे, पण बाणांत काटकसर करू नये.

कार्बनऐवजी अ‍ॅल्युमिनियम घेण्याला आमच्या मातीचेही कारण आहे. इथे जमीन जांभ्याची आणि कुंपणेही चिऱ्यांची. चुकलेला बाण दगडावर आपटला की कार्बनच्या नळीला केसाएवढी चीर पडते, ती सहज दिसत नाही आणि पुढच्या वेळी बाण हातातच फुटू शकतो. अ‍ॅल्युमिनियम वाकते आणि वाकलेले लगेच कळते. अर्थात बाण कशाचाही असो, परत भात्यात टाकण्यापूर्वी तो बोटांतून फिरवून पाहण्याची शिस्त आम्ही सोडलेली नाही.

पावसाळ्याने धनुष्यापेक्षा धनुष्याच्या सोबतीच्या वस्तूंना अधिक छळले. जुलैमध्ये दोरी ओढताना बोटांवर घालायच्या चामड्याच्या तुकड्यावर, म्हणजे फिंगर टॅबवर, बुरशी आली, बोल्टांवर गंजाचे ठिपके आले आणि खऱ्या पिसांचे बाण दमटपणात चपटे होऊन बसले. पिसांच्या जागी प्लास्टिकचे वेन लावून घेतले, बोल्टांना तेलाचा हात फिरवला, टॅब वापरानंतर पंख्याखाली वाळवू लागलो. दोरीला मेण नियमित लावावे लागते. डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची दोरी सुरुवातीला ताणली जाते, त्यामुळे मुठीपासून दोरीचे अंतर पट्टीने मोजावे आणि कमी भरल्यास दोरीला काही पीळ वाढवावेत. आमच्या धनुष्याला ते 21 ते 22 सेंटीमीटर ठेवले की आवाज कमी येतो. भुजांना मात्र पावसापेक्षा उन्हाचे भय जास्त. मे महिन्यात उभ्या करून ठेवलेल्या गाडीत धनुष्य राहिले तर चिकटवलेल्या पट्ट्या सुटू शकतात. आम्ही ते दोरी उतरवून, खोलीतल्या कपाटात आडवे ठेवतो. कोपऱ्यात टेकवून उभे केले तर भुजेला पीळ पडण्याची शक्यता असते.

लक्ष्यफलकासाठी आधी भाताच्या पेंढ्यांचा गठ्ठा बांधला होता. तो कोरड्या दिवसांत छान चालतो, पण मृगाच्या पावसानंतर कुजू लागला, म्हणून दाट फोमचा फलक घेतला. फोममध्ये बाण इतका घट्ट रुततो की काढताना मुलीची दमछाक व्हायची. बाणाच्या पुढच्या भागावर साबणाची वडी कोरडीच घासली की तो सहज निघतो. जोरदार पावसाच्या दिवसांत पडवीतच चार-पाच पावलांवरून, फलकावर कागद न लावता, डोळे मिटून बाण सोडण्याचा सराव केला. नेम धरायला काही नसल्यामुळे सगळे लक्ष पाठीच्या स्नायूंकडे आणि बोटे सुटण्याकडे जाते. माझ्या मते तिची खरी प्रगती त्या पडवीत झाली, मैदानावर नाही. चतुर्थीत पडवी पाहुण्यांनी भरल्यामुळे सुट्टी मिळाली, आणि तिच्या खांद्याला ती हवीच होती.

पाऊस ओसरल्यावर कुळागराच्या वरच्या मोकळ्या तुकड्यात जागा केली. फलकामागे मातीचा उंच बांध घातला. तिथून पोफळी उतरवायला येणाऱ्या माणसांची वाट जाते, म्हणून नेमाची दिशा वाटेला पाठ करून ठेवली आणि स्पर्धांतली शिट्टीची पद्धत घरी लागू केली: दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सोडा, तीन म्हणजे बाण आणायला चला, पाच किंवा अधिक म्हणजे तत्काळ थांबा. शिट्टी माझ्याकडे असते. बाणाविना दोरी ओढून सोडणे कटाक्षाने वर्ज्य, कारण बाणात जायची ती शक्ती भुजांतच राहते आणि त्या फुटतात. शेजाऱ्यांपैकी एकाने या धनुष्याने रानडुक्कर पडेल का, असे अर्ध्या गमतीने विचारले होते. उत्तर मुलीनेच दिले: कायद्याने पाडता येत नाही, आणि एवढ्या ताणाने ते मरणार नाही, जखमी होऊन कोणाच्या तरी अंगावर जाईल.

त्याच बोलण्यातून थ्रीडी तिरंदाजी घरात आली. या प्रकारात रानात ठिकठिकाणी प्राण्यांच्या फोमच्या प्रतिमा ठेवलेल्या असतात, अंतर सांगितलेले नसते आणि ते तिरंदाजाने नजरेने ओळखायचे असते. जागतिक संघटनेच्या नियमांत दूरच्या खुंट्यावरून अंतर जास्तीत जास्त 45 मीटर, जवळच्यावरून 30 मीटर असते, आणि गुण 11, 10, 8 व 5 असे मिळतात. आम्ही फोमच्या फलकावर पुठ्ठ्याचे डुक्कर कापून लावतो आणि दर वेळी फलकाची जागा बदलतो. ती आधी अंतर मोठ्याने सांगते, मग बाण सोडते, मग पावलांनी मोजते. दीर सांगतात की शिकाऱ्याला सर्वांत आधी शिकवतात ते अंतर ओळखणे आणि खात्री नसेल तर बाण न सोडणे. पुठ्ठ्याच्या डुकरासमोर पोफळीचे खोड आडवे येत असेल तर पूर्ण ओढलेली दोरी हळूच परत सोडून देणे तिला आता जमते. मला हे दहाच्या वर्तुळात बाण लागण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

स्पर्धेचा विचार करणाऱ्यांसाठी थोडे. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात झालेल्या 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तिरंदाजीचा समावेश होता आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये जागतिक विजेती ठरली, त्यामुळे मुलांपुढे जवळची उदाहरणे आहेत. मात्र अठरा वर्षांखालील रिकर्व्ह गटाचे अंतर 60 मीटर असते. हलक्या भुजांच्या लाकडी धनुष्याने तिथे पोहोचणे अवघड आहे. 18 मीटरच्या बंदिस्त प्रकारापर्यंत ते निश्चित पुरते. चांगल्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली महिन्यातून निदान एकदा जावे; आईवडिलांना खांद्याचा दोष दिसतो, पण त्याचे कारण दिसत नाही.

येत्या दिवाळीपर्यंत 24 पाउंडांवरच राहायचे आणि त्यानंतर आयएलएफचा धातूचा रायझर घ्यायचा, असे सध्या ठरले आहे. लाकडी रायझर तेव्हा धाकट्या भावाकडे जाईल असा आमचा हिशेब होता, पण त्याचा उजवा डोळा प्रबळ निघाला. तेव्हा डाव्या डोळ्याचा कोणी होतकरू तिरंदाज भेटेपर्यंत ते कपाटात आडवेच राहणार आहे.