झोपेच्या गोळ्या: परीक्षा सकाळी घ्यावी

झोपेच्या गोळीला लोक गुण देतात ते ‘किती लवकर डोळा लागला’ यावर. इथे गुण दिलेत सकाळच्या डोक्याला: लक्ष, आठवण, हातापायांचा वेग.

झोल्पिडेमचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण अडीच तास. या हिशोबाने आठ तासांनी रक्तात दहावा हिस्साच उरायला हवा, पण प्रत्येकाचं यकृत काही हिशोबाने चालत नाही. १० मिलिग्रॅमनंतर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या आणि ३ टक्के पुरुषांच्या रक्तात गाडी चालवणं धोक्याचं ठरेल इतकं औषध सापडलं. म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने स्त्रियांसाठी डोस निम्मा, म्हणजे ५ मिलिग्रॅम केला. याच औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी सकाळच्या बाबतीत आणखी वाईट. तिचाही डोस साडेबारावरून सव्वासहावर आला. भरल्या पोटी घेतली की औषध उशिरा चढतं. मग माणूस ‘लागू पडली नाही’ म्हणत दुसरी गोळी घेतो आणि सकाळचा घोळ तिथेच ठरतो.

झोपिक्लोन ७.५ मिलिग्रॅम मात्र नापास. अर्धायुष्य पाच तासांच्या आसपास, सकाळी तोंडात कडवट धातूची चव. रात्री गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी महामार्गावर गाडी चालवायला लावतात आणि गाडी लेनमध्ये किती डुलते ते सेंटिमीटरमध्ये मोजतात, त्या चाचण्यांत हिचा परिणाम इतका हमखास दिसतो की नव्या औषधांची तुलना हिच्याशीच करतात. तिचं भावंड एस्झोपिक्लोन. त्याच्या ३ मिलिग्रॅमचा परिणाम अकरा तासांनंतरही दिसला, आणि कित्येकांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणून ‘मला काही सुस्ती वाटत नाही’ या वाक्याला इथे फारशी किंमत नाही. २०१४ पासून त्याची सुरुवात १ मिलिग्रॅमने करायला सांगतात.

नायट्राझेपामसारख्या जुन्या गोळ्यांचं अर्धायुष्य दिवसभराचं. रोज घेतली तर काही दिवसांत, रात्रीची गोळी घेतल्यावर अंगात एका डोसच्या जवळपास दुप्पट साठा असतो. पहिल्या रात्रीनंतर बरं वाटलं आणि आठवड्याने नावं आठवेनाशी झाली, तर त्यामागे बहुधा हाच साठा.

डायफेनहायड्रामिन, डॉक्सिलामिन या सर्दी-ॲलर्जीच्या कुळातल्या गोळ्यांना ‘साध्या’ म्हणणं ही मोठी फसगत. नऊ-दहा तासांचं अर्धायुष्य, कोरडं तोंड, विसराळूपणा. वयस्करांमध्ये लघवी अडकणं आणि भ्रमही. गुंगीची सवय काही दिवसांतच होते, बाकीचा त्रास तसाच राहतो. पासष्टीपुढे या टाळाव्यात.

ओरेक्सिन रोखणारी नवी औषधं मेंदूला गुंगी आणण्याऐवजी जागं ठेवणारा संदेश दाबतात. त्यांत डॅरिडोरेक्संट (अर्धायुष्य सुमारे आठ तास) सकाळसाठी उजवं. सुव्होरेक्संट बारा, लेंबोरेक्संट सतरा तासांच्या पुढे. तरी या दोघांच्या सकाळी आकड्यांवरून वाटतात तितक्या वाईट नसतात. अर्धायुष्य हा एकमेव निकष नाही, ते असं. पण सुव्होरेक्संट २० मिलिग्रॅमवर काहींची गाडी डुललीच.

मेलाटोनिन तासाभरात निम्मं होतं, त्यामुळे सकाळ बहुधा स्वच्छ. परिणामही तितकाच माफक: झोपेची वेळ सरकवायला बरं, रात्रभर झोप टिकवायला नाही.

पडताळणी स्वतः करता येते. औषध सुरू करण्याआधी तीन-चार सकाळी, एकाच वेळी, दहा मिनिटांची प्रतिक्रिया-चाचणी (पडद्यावर खूण दिसताच बोट टेकवायचं) मोबाइलवर द्यावी. नंतर गोळीच्या दिवसांत तीच. अर्ध्या सेकंदाहून उशिरा आलेले प्रतिसाद मोजावेत, घसरण आधी तिथे दिसते. ते वाढले तर डॉक्टरांना आकड्यासकट तीन गोष्टी सांगाव्यात: गोळी किती वाजता घेतली, जेवणानंतर किती वेळाने, सोबत दारू होती का. रोजची गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. झोप आधीपेक्षा वाईट उडते, आणि नायट्राझेपामच्या कुळात झटकेही येऊ शकतात.