२८ खणांचा गोळ्यांचा डबा: डिस्चार्जनंतर घ्यावा का, आणि भरायचा कसा

सर्जिकलच्या दुकानात आणि बऱ्याचशा मेडिकलमध्ये मिळणारा हा प्लॅस्टिकचा डबा: सात वारांच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीत चार खण. नाशकात शे-दीडशेपासून चारशे रुपयांपर्यंत मिळतो. पेशंट घरी आला की दुसऱ्याच दिवशी घरचं कुणीतरी तो घेऊन येतं आणि पिशवीतल्या सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून त्यात भरून टाकतं. डबा उपयोगाचा आहे आणि आम्ही तो घ्याच म्हणतो. पण असा, पहिल्याच दिवशी, यादी पक्की न करता भरलेला डबा धोक्याचा असतो, कारण पाकिटावरचं नाव गेलं की चूक पकडायला काहीच उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करायची मोहीम सुरू केली. तिच्यात तीन गोष्टींवर भर होता आणि त्यातली एक नेमकी हीच होती: पेशंट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातानाचा काळ. दवाखान्यातून घर हा त्यातला सर्वात नेहमीचा प्रवास.

आधी वस्तूबद्दल. विकत घेताना घरातली सर्वात मोठी गोळी सोबत न्या. मेटफॉर्मिन १००० एसआर किंवा कॅल्शियमची गोळी लांबट असते आणि स्वस्त डब्याच्या खणात ती तिरकी अडकते, वर आणखी तीन गोळ्या आल्या की झाकण बसत नाही. म्हणून खण मोठा बघा. झाकण पेशंटनं स्वतः उघडून बघायला हवं. फार घट्ट झाकण असलं की ते झटक्यात उघडतं आणि गोळ्या जमिनीवर उडतात, फार सैल असलं की पिशवीत डबा उलटला की मंगळवार बुधवारात मिसळतो. दुकानातच दोन गोळ्या टाकून डबा उलटा करून हलवला की कळतं. झाकण पारदर्शक असावं, म्हणजे दुपारची गोळी घेतली की राहिली हे न उघडता दिसतं. सुट्या होणाऱ्या पट्ट्या सोयीच्या, दिवसभर बाहेर जायचं तर तेवढी पट्टी खिशात टाकता येते. मात्र पट्टीवर वार ठळक आणि न पुसणारा असावा. बऱ्याच डब्यांवरची अक्षरं नुसती छापलेली असतात आणि बोटांच्या घामानं महिन्या-दोन महिन्यांत जातात. गजराचे इलेक्ट्रॉनिक डबेही मिळतात, पण त्यावर पैसे घालायची गरज वाटत नाही, मोबाइलचा गजर पुरतो.

या डब्याचा मोठा दोष त्याच्या खणांच्या नावांत आहे. वर इंग्रजीत मॉर्निंग, नून, इव्हनिंग, बेडटाइम असं लिहिलेलं असतं. आपल्या डिस्चार्ज कार्डावर असतं १-०-१, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र असे तीनच आकडे. चौथ्या खणाचं काय करायचं हे ज्याला त्याला वाटेल तसं ठरतं. मग रात्रीच्या जेवणानंतरची गोळी कुणी इव्हनिंगमध्ये टाकतं, कुणी बेडटाइममध्ये, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं डबा भरला की तीच गोळी दोन्हीकडे जाते. उपाय सोपा आहे. कागदी चिकटपट्टी लावून मार्करनं चार खणांना मराठीत नवी नावं द्या: अनशापोटी, नाश्त्यानंतर, दुपारी जेवणानंतर, रात्री जेवणानंतर. आपल्याकडची औषधं अशीच सांगितली जातात, त्यामुळे कार्ड आणि डबा जुळतात. पँटोप्राझोलसारखी जेवणाआधीची अ‍ॅसिडिटीची गोळी आपोआप पहिल्या खणात जाते. झोपेची गोळी असेल तर ती डब्यात घालूच नका, पाकिटातच ठेवा आणि देणाऱ्याच्या हातात राहू द्या.

आता डबा भरायच्या आधीचं काम, आणि खरी सुरक्षितता इथेच आहे. टेबलावर तीन ढीग करा: दवाखान्यातून आणलेली औषधं, घरात आधीपासून चालू असलेली, आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेली. मग प्रत्येक पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचा, कंपनीनं दिलेलं नाही. कोणतं नाव मोठ्या अक्षरात आहे यावर जाऊ नका. नाशकात गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्यांकडे एकाच औषधाची कितीतरी कंपन्यांची नावं मिळतात, दवाखान्यातल्या मेडिकलमध्ये एक नाव असतं, पेठ-सुरगाण्याच्या मेडिकलमध्ये दुसरंच, आणि जनऔषधी केंद्रात औषधाचं मूळ नाव. घरी बीपीचं टेल्मिसार्टन ४० चालू असतं, कार्डावर दुसऱ्या नावानं टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिनची एकत्र गोळी येते. दोन्ही घेतल्या की बीपी खाली जातं आणि बाथरूमला जाताना म्हातारं माणूस पडतं. पॅरासिटामॉलचंही तसंच. तापाची गोळी वेगळी, अंगदुखीची वेगळी, सर्दीची वेगळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल.

घरातल्या प्रत्येक जुन्या औषधाबद्दल डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला एकच प्रश्न विचारा: चालू, बंद, की डोस बदलला? कार्डावर जुन्या गोळीचा उल्लेख नाही याचा अर्थ ती बंद झाली असा होत नाही. अनेकदा ती फक्त लिहायची राहिलेली असते. उत्तर कार्डावरच पेनानं लिहून घ्या. बंद झालेली औषधं त्याच दिवशी वेगळ्या पिशवीत, वर 'बंद' असं लिहून, घरातल्या रोजच्या जागेपासून लांब ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या तिसऱ्या ढिगात हमखास सापडतात. बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर त्या किडनीवर ताण आणतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्राव करतात. विचारल्याशिवाय त्यातलं काही देऊ नका. गुडघ्यासाठी चालू असलेला काढा किंवा चूर्णही सांगा, लपवू नका.

डब्यात काय घालायचं नाही याची यादी डब्याबरोबर छापून यायला हवी, ती येत नाही.

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट डब्यात नको. ती पाकिटात, हाताशी, प्रवासात खिशात. फिटसाठीची सोडियम व्हॅल्प्रोएट ओल शोषून मऊ पडते, छातीदुखीची निकोरँडिल आणि अँटिबायोटिक अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड यांनाही ओल सोसत नाही, रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानच्या कॅप्सूल कंपनीच्या पॅकमधून घ्यायच्या वेळीच काढायच्या. थायरॉइडची गोळी तिच्या बाटलीतच राहू द्या. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या ते एक तासानं, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतरानं. पाण्यात विरघळणाऱ्या आणि तोंडात विरघळणाऱ्या गोळ्याही पाकिटातच. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल असेल तर डोस आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टप्रमाणे बदलत राहतो, त्यामुळे त्याचं वेगळं कॅलेंडर करा.

मेथोट्रेक्सेटबद्दल जरा थांबून वाचा. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि तिच्याबरोबर फॉलिक अ‍ॅसिड दिलेलं असतं. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान, गोल आणि पिवळसर असतात. पाकिटाबाहेर काढून शेजारी ठेवल्या तर जाणकारालाही पटकन ओळखू येत नाहीत. मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीव जाऊ शकतो. तिचं पाकीट वेगळं ठेवा, त्यावर वार मोठ्या अक्षरात लिहा आणि देणारं माणूस एकच ठरवा.

भरायची पद्धत अशी. दिवसा, उजेडात, टीव्ही बंद करून. एका वेळी एकच पाकीट उघडा, त्या गोळीची सातही दिवसांची जागा भरा, कार्डावर टिक करा, पाकीट बाजूला ठेवा, मगच दुसरं घ्या. एकेक दिवस पूर्ण करत गेलात तर हातात सहा उघडी पाकिटं राहतात आणि चूक तिथेच होते. शेवटी प्रत्येक खणातल्या गोळ्यांची संख्या कागदावर लिहा, उदाहरणार्थ अनशापोटी १, नाश्त्यानंतर ४, दुपारी १, रात्री ३, आणि ज्यानं डबा भरला नाही अशा दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. पाकिटाचे कात्रीनं कापलेले तुकडे डब्यात टाकू नका. नजर कमी असलेली माणसं गोळी फॉइलसकट गिळतात आणि त्या टोकदार कोपऱ्यांनी अन्ननलिकेला जखम होते. रिकामं होत आलेलं पाकीट, नाव आणि एक्सपायरी असलेल्या टोकासकट, कार्डाबरोबर ठेवा. मेडिकलवाल्यालाही सुटी पाकिटं देताना ते टोक ठेवायला सांगा.

अर्धी गोळी सांगितली असेल तर मध्ये खाच आहे का बघा. एसआर, एक्सएल, ईआर लिहिलेल्या गोळ्या कुटू नका. तसं केलं की दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. खाच असलेल्या काही एसआर गोळ्या अर्ध्या करता येतात, पण ते फार्मासिस्टला विचारूनच.

डबा एका आठवड्याचाच भरा. जून ते सप्टेंबर इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला भिंतींनाही ओल धरते, महिन्याभराच्या उघड्या गोळ्या तिथे टिकत नाहीत. उन्हाळ्यात गॅसजवळचं फडताळ, फ्रिजचा माथा आणि खिडकीची पट्टी टाळा. फ्रिजमध्येही डबा नको, आतबाहेर करताना पाणी सुटतं. आणि लहान मुलं असलेल्या घरात तो उंच, कुलपाच्या कपाटात. ही झाकणं तीन वर्षांचं मूलही उघडतं आणि शुगरच्या एका-दोन गोळ्याही त्याला घातक ठरू शकतात.

फार कमी लोक सांगतात अशी एक गोष्ट. जो पेशंट आधी गोळ्या अधूनमधून विसरत होता, त्याचा डोस डॉक्टरांनी तेवढ्या अंदाजानं वाढवलेला असू शकतो. डबा आला, सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी जायला लागल्या की बीपी किंवा शुगर एकदम खाली येते. म्हणून पहिले दोन आठवडे बीपी आणि शुगर मोजून वहीत लिहा. चक्कर, घाम, थरथर दिसली तर लगेच साखर तपासा, कमी असेल आणि पेशंट शुद्धीवर असेल तर साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

गोळी राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नका. स्टेंट घातलेल्याची अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल कुणाच्याही सांगण्यावरून, अगदी दात काढायचा असला तरी, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

दिवसातून एकदाच दोन-तीन गोळ्या असतील तर २८ खण कशाला, सात खणी डबा पुरे. इन्सुलिन, इनहेलर आणि सिरपच्या पेशंटला डबा अर्धाच उपयोगी, उरलेल्यासाठी भिंतीवर तक्ता लागतोच. डोस दर दोन-चार दिवसांनी बदलतोय, स्टेरॉइड कमी करत न्यायचं आहे, किंवा पहिली फेरतपासणी व्हायची आहे, अशा वेळी डबा तपासणीच्या तारखेपर्यंतच भरा. आणि आठवड्याच्या मध्ये डॉक्टरांनी एखादी गोळी बदलली तर रंग बघून ती खणातून वेचू नका, कारण पुढच्या वेळी कंपनी बदलली की रंगही बदलतो. सगळा डबा रिकामा करा, ज्या गोळ्या खात्रीनं ओळखता येत नाहीत त्या टाकून द्या आणि पाकिटांवरून पहिल्यापासून भरा.