आपत्तीनंतरची मदत: देणगी द्यावी की कारागिराची वस्तू विकत घ्यावी?

भूकंपाने, पुराने किंवा चक्रीवादळाने एखादा प्रदेश उद्ध्वस्त झाला की दूरवरच्या माणसापुढे मदतीचे दोन मार्ग येतात. एक म्हणजे मदतनिधीला पैसे देणे आणि दुसरा म्हणजे तेथील कारागिरांनी बनवलेल्या वस्तू, शक्य असेल तर न्याय्य व्यापाराच्या म्हणजे फेअर ट्रेडच्या तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेकडून, विकत घेणे. दोन्हींमागची भावना सारखीच असली तरी दोन्हींचे काम वेगळे आहे आणि त्यांची वेळही वेगळी आहे. एकाच्या जागी दुसरा मार्ग निवडला तर पैसा खर्च होतो, पण ज्या गरजेसाठी तो निघाला ती गरज तशीच राहते.

पहिल्या काही आठवड्यांचा प्रश्न सोपा आहे. त्या काळात अन्न, पाणी, औषधे आणि निवारा हवा असतो आणि माग मोडलेला विणकर त्या दिवसांत काहीही विणू शकत नाही. त्यामुळे या टप्प्यात रोख देणगीला पर्याय नाही. शिवाय विकत घेतलेल्या वस्तूच्या किमतीत कच्चा माल, वाहतूक, साठवण आणि विक्रीचा खर्च हे सारे येत असल्यामुळे कारागिराच्या हाती त्यातला एक भागच पडतो. आपली रक्कम शक्य तितकी थेट आणि लवकर पोहोचावी, एवढीच ज्याची अपेक्षा आहे, त्याने देणगीच द्यावी आणि खरेदीचा विचार पुढे ढकलावा.

खरी निवड त्यानंतर सुरू होते. आपत्तीच्या बातम्या मागे पडतात, देणग्यांचा ओघ आटतो आणि नेमक्या त्याच वेळी कारागिराला पुन्हा कामावर बसायचे असते. त्याच्यापुढे तेव्हा तीन अडचणी एकदम उभ्या राहतात: हत्यारे आणि जागा गेलेली असते, कच्चा माल आणायला खेळते भांडवल नसते आणि जुने गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेले असते. यांपैकी पहिली अडचण देणगीने किंवा अनुदानाने सुटते, तिसरी फक्त मागणीने सुटते आणि दुसरी कशाने सुटेल हे खरेदी कोणत्या पद्धतीने होते यावर ठरते.

कच्छचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातील भूजल बदलले, त्यातील लोहाचे प्रमाण वाढले आणि नैसर्गिक रंगांनी होणाऱ्या अजरख ठसेछपाईसाठी ते योग्य राहिले नाही. कापड वारंवार धुणे हा अजरखचा कणाच असल्याने पाणी गेले म्हणजे धंदा गेला. तेथील ठसेछपाई करणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी भुजजवळ नवी जागा मिळवून अजरखपूर वसवले. कोणी कितीही अजरख विकत घेतले असते तरी त्या खरेदीतून नवे पाणी मिळाले नसते; त्यासाठी जमीन आणि भांडवलच हवे होते. उलट, वसाहत उभी राहिल्यावर तेथे छापलेल्या कापडाला बाजार नसता तर ती जमीनही निरुपयोगी ठरली असती. कच्छमध्ये श्रुजन ही संस्था १९६९ पासून आणि कलारक्षा ही १९९३ पासून भरतकाम करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करत होती, तर खमीर ही संस्था भूकंपानंतर, २००५ मध्ये, उभी राहिली. बाहेरून आलेल्या मदतीला कारागिरांपर्यंत पोहोचण्याची वाट अशा संस्थांमुळे मिळते. माझ्या मते खरेदीदाराने सर्वांत आधी हेच पाहावे: जिच्याकडून आपण वस्तू घेत आहोत ती संस्था आपत्तीपूर्वी त्या भागात होती का, आणि नसल्यास बातम्या थांबल्यावरही ती तेथे टिकली का?

सहानुभूतीची खरेदी आणि नियमित मागणी

ऑगस्ट २०१८ च्या पुरात केरळमधील चेंदमंगलमच्या हातमाग विणकरांचे माग पाण्याखाली गेले आणि ओणमच्या विक्रीसाठी तयार ठेवलेले कापड चिखलाने माखले. ते कापड निर्जंतुक करून त्यापासून चेकुट्टी नावाच्या लहान बाहुल्या बनवण्याची कल्पना लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारयिल यांनी मांडली. एका साडीतून शेकडो बाहुल्या निघत, त्यामुळे खराब झालेल्या साडीपासून मूळ किमतीपेक्षाही जास्त पैसे उभे राहू शकत होते. ही सहानुभूतीची खरेदी होती आणि ती उत्तम रीतीने योजलेली होती, कारण तिने वाया गेलेल्या मालाचे पैसे केले आणि विणकरांचे नाव देशभर पोहोचवले. पण बाहुली घेणारा दरवर्षी बाहुली घेत नाही. विणकराचे घर चालते ते धोतर आणि साडी विकली गेल्यावर, आणि ती मागणी बाहुलीच्या मागोमाग आली तरच पुनर्वसन पूर्ण होते.

२००४ च्या त्सुनामीनंतर पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमधील उपासना या संस्थेने कोळी स्त्रियांकडून कापडाच्या चिंध्यांच्या त्सुनामिका बाहुल्या करून घेतल्या. त्यांचा मार्ग याहून निराळा होता: या बाहुल्या विकल्या जात नसत, भेट दिल्या जात आणि काम देणग्यांवर चाले. समुद्राची धास्ती घेतलेल्या स्त्रियांच्या हातांना काम आणि मनाला आधार देणे हा त्यामागचा हेतू होता. देणगी आणि हस्तकला यांची सांगड अशीही घालता येते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

नियमित मागणीचे मोल न्याय्य व्यापाराच्या चळवळीला पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील सर्व्ह ही संस्था १९४९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या निर्वासितांना मदत करण्यासाठी सुरू झाली आणि तिने जर्मनीतील निर्वासितांनी बनवलेली लाकडी कुकू घड्याळे विकली. हस्तकलेच्या न्याय्य व्यापाराच्या आरंभीच संकटातून उठणारी माणसे आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आज या क्षेत्रातील जागतिक संघटना म्हणजे वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन. तिची स्थापना १९८९ मध्ये वेगळ्या नावाने झाली. तिच्या दहा तत्त्वांपैकी व्यवहारातील सचोटीविषयीचे तत्त्व आपत्तीच्या काळात सर्वांत मोलाचे आहे. त्यानुसार उत्पादकाने मागितल्यास हस्तकलेच्या मागणीवर किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी लागते, आणि उत्पादकाचा दोष नसताना मागणी रद्द झाली तर झालेल्या कामाची भरपाई द्यावी लागते. वर उल्लेखलेली खेळत्या भांडवलाची अडचण येथे सुटते. सामान्य व्यापारी तयार माल उचलतो आणि पैसे नंतर देतो. सूत आणि रंग उधारीवर आणणाऱ्या पूरग्रस्त कारागिराला ही पद्धत परवडत नाही.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपापूर्वी नेपाळमध्ये अशा संस्थांचे जाळे तयार होते. फेअर ट्रेड ग्रुप नेपाळ हा त्यांचा समूह १९९३ पासून कार्यरत आहे. अशा ठिकाणी खरेदीदाराला नवा दुवा शोधावा लागत नाही, आधीच्या दुव्यावरची मागणी वाढवणे पुरेसे असते.

कोणते चिन्ह काय सांगते

येथे बराच गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबून पाहू. फेअरट्रेड इंटरनॅशनल या दुसऱ्या संघटनेचे प्रसिद्ध निळे-हिरवे चिन्ह मुख्यतः कॉफी, केळी, कापूस यांसारख्या शेतमालावर असते. हस्तकलेच्या वस्तूवर ते दिसले नाही म्हणून ती वस्तू अन्यायाने मिळवलेली ठरत नाही. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन एकेक वस्तू तपासत नाही, संपूर्ण संस्थेचा व्यवहार तपासते, आणि हस्तकलेसाठी तेच अधिक उपयोगी आहे. भौगोलिक निर्देशांक (जीआय टॅग) वस्तू कोणत्या प्रदेशाची आहे हे सांगतो आणि भारतातील हँडलूम मार्क ती हातमागावर विणलेली आहे याची खात्री देतो. बनवणाऱ्याला किती मोबदला मिळाला, याविषयी मात्र दोन्ही मौन बाळगतात. अस्सलपणा आणि न्याय्य मोबदला या दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि वस्तू दोन्हींवर उतरली पाहिजे.

अस्सलपणाची कसोटी आपत्तीनंतर अधिकच कडक लावावी लागते. एखाद्या कलेचे नाव बातम्यांत गाजले की तिच्या यंत्रावर छापलेल्या नकला बाजारात येतात आणि संकटग्रस्त कारागिराला त्यांच्या भावाशी झुंजावे लागते. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत वर्णनात ‘हस्तनिर्मित’ असे लिहिलेले असले तरी गाव, समूह किंवा संस्था यांपैकी कशाचाही उल्लेख नसेल तर ती वस्तू मदत म्हणून घेऊ नये. हाताने उठवलेल्या ठशांच्या सांध्यांत बारीकसा फरक दिसतो, तर यंत्राची छपाई शेवटपर्यंत एकसारखी असते; एवढी एक खूणही पुष्कळ फसवणूक टाळते.

थेट कारागिराकडून खरेदी करणे मधल्या खर्चाच्या दृष्टीने सर्वांत चांगले वाटते आणि ओळख असेल तर ते करावेच. पण आपत्तीनंतर थेट विक्री ज्यांच्याकडे फोन, बँक खाते आणि भाषा आहे त्यांच्यापर्यंतच पोहोचते, आणि गावातले सर्वांत कोलमडलेले घर बाजूला पडते. सहकारी संस्था किंवा न्याय्य व्यापाराची संस्था तेथे काम वाटून देऊ शकते. म्हणून अनोळखी प्रदेशासाठी मी संस्थेचा मार्ग वरचा मानतो, जरी त्यात मधला खर्च थोडा वाढला तरी.

निवड करणाऱ्याने स्वतःविषयीही एक गोष्ट ठरवावी: आपण थांबू शकतो का? मागणी नोंदवून पैसे आधी देणे आणि काही महिन्यांनी वस्तू स्वीकारणे ज्याला शक्य आहे, त्याची खरेदी देणगीच्या जवळ जाते आणि कारागिराचा मानही राखते. ज्याला वस्तू सणापूर्वी हवीच आहे किंवा जो रंगातल्या किरकोळ फरकावरून ती परत करणार आहे, त्याने आपत्तीग्रस्त भागातून मागवू नये. तेवढीच रक्कम निधीला द्यावी. आणि संकटात सापडलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भरतकामे, दागिने किंवा भांडी पडत्या भावाने विकायला काढतात तेव्हा ती कितीही अस्सल असली तरी ती खरेदी मदत समजू नये. त्याऐवजी त्याच हातांना नव्या कामाची मागणी द्यावी.