केदारनाथ की बद्रीनाथ?
हरिद्वारहून निघालेली गाडी रुद्रप्रयागला पोचली की रस्ता फुटतो. मंदाकिनीच्या काठाने केदारनाथ, अलकनंदेच्या काठाने बद्रीनाथ. सुट्टी एकाच धामापुरती असेल, तर सोबत कोण आहे ते आधी बघा.

आई-वडील असतील तर बद्रीनाथच. गाडी थेट धामापर्यंत जाते आणि वाटेत पंचप्रयाग, म्हणजे नद्यांचे पाच संगमही होतात. तप्तकुंडाच्या कढत पाण्यात आंघोळ करून दर्शन घ्यावं. तीनेक किलोमीटरवरचं माणा गाव मात्र चुकवू नका. भीमपुलाखालून सरस्वती अशी गर्जत जाते की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं.

केदारनाथला गाडी सोनप्रयागपर्यंतच. पुढे शेअर जीपने गौरीकुंड, मग सोळा किलोमीटरहून जास्त चढ. साडेतीन हजार मीटरवर धडधाकट माणसालाही धाप लागते. हेलिकॉप्टर आहे, पण हवा बिघडली की तेही बंद. तरीही गुडघे साथ देत असतील तर मी केदारनाथच निवडेन. देवळामागची भीमशिला, २०१३च्या प्रलयात वाहत येऊन तिथेच अडलेली आणि देऊळ वाचवणारी, समोर पाहिली की हात आपोआप जोडले जातात.

जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, तेव्हा दोन्ही धामं टाळा. यात्रेची नोंदणी घरूनच करून निघा.