गाडी नसेल तर शिझुओका की हामामात्सू?

जपानच्या शिझुओका प्रीफेक्चरमध्ये (प्रांतात) नोकरी लागली की राहायचं कुठे, हा प्रश्न बहुतेक वेळा याच दोन शहरांवर येऊन ठेपतो. शिंकान्सेनवरून, म्हणजे बुलेट ट्रेनवरून, ठरवू नका. त्यातली सर्वांत जलद नोझोमी दोन्हीकडे थांबत नाही आणि तिच्या खालोखालची हिकारी साधारण तासाला एक. टोकियोला शिझुओकाहून तासभर, हामामात्सूहून दीड तास. रोज थोडंच जायचंय?

कारखान्यांचं म्हणाल तर हामामात्सू उजवं. सुझुकीचं मुख्यालय ताकात्सुकाला, म्हणजे हामामात्सूच्या पुढच्याच स्टेशनला. पियानोवाले यामाहा आणि कावाई गावातच, यामाहा मोटर पूर्वेला इवाताला. 1990 नंतर ब्राझीलहून पुष्कळ कामगार आले, त्यामुळे परदेशी माणूस तिथे कुणाला नवा नाही. शिझुओकात सरकारी कचेऱ्या, शिमिझु बंदर, ट्यूना आणि तामियासारखे प्लास्टिक मॉडेलवाले.

पारडं फिरतं ते रोजच्या ये-जा करण्यावर. हामामात्सूत एन्तेत्सू या खासगी कंपनीची लाल लोकल 17.8 किमी धावते, दर 12 मिनिटांनी. तक्रारीला जागा नाही, पण ती एकच रेघ, उत्तरेकडे जाणारी. बाकी भिस्त बसवर, आणि बहुतेक बस स्टेशनसमोरच्या गोल टर्मिनसवरूनच सुटतात. बाजूच्या वस्तीत जायचं तरी अनेकदा आधी स्टेशन गाठा, मग दुसरी बस धरा. सायकल म्हणाल तर हिवाळ्यात पश्चिमेचा कोरडा वारा तोंडावर येतो. शेवटी माणूस गाडी घेतो.

आणि खरी कटकट तिथून सुरू होते. भारतातून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट फार तर वर्षभर चालतं. पुढे भारतीय लायसन्सवरून जपानी करून घ्यावं लागतं. ऑक्टोबर 2025 पासून त्याच्या लेखी परीक्षेत 10 ऐवजी 50 प्रश्न असतात आणि 90 टक्के बरोबर यावे लागतात. लायसन्स मिळाल्यानंतर भारतात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावाही लागतो, म्हणून शिक्क्यांचा जुना पासपोर्ट घरी ठेवून येऊ नका. मग ट्रॅकवरची चाचणी. तिथे हात बसलेले लोकही नापास होतात: थांबा-रेषेवर चाकं पूर्ण न थांबवणं, डावीकडे वळण्याआधी गाडी कडेला न घेणं, आरशात पाहून मान न वळवणं.

शिझुओकात यातलं बरंचसं टळतं. शिझुतेत्सू या खासगी रेल्वेची लाइन शिन-शिझुओका ते शिन-शिमिझु, जेमतेम 11 किमी, पण दुहेरी. वेळापत्रक पाहायची गरज सहसा पडत नाही, आणि सुइका-तोइका हे टॅप करायचं प्रवासी कार्ड चालतं. शिन-शिझुओका जेआर (जपान रेल्वे) स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे, कुसानागीला तर दोन्ही स्टेशनं शेजारी-शेजारी. या लाइनलगत घर मिळालं तर गाडीवाचून भागेल, निदान मला तरी असंच वाटतं. एक काळजी घ्या: टोकियोहून साध्या ट्रेनने येताना कार्ड टॅप करून निघू नका. वाटेतल्या अतामी स्टेशनपलीकडे कार्डाचं क्षेत्र बदलतं आणि उतरताना गेट अडतं. कागदी तिकीट काढा.

अर्थात पाळी हामामात्सूच्या पश्चिमेच्या कोसाईच्या किंवा इवाताच्या कारखान्यात असेल तर हामामात्सूच घ्या. दोन शहरांमधली साधी लोकल प्रत्येक स्टेशन घेत तासाच्या वर वेळ खाते, आणि दिवसा जलद गाडी नाही. नेमणूक माकिनोहारा शहरातल्या सुझुकीच्या सागारा कारखान्यात असेल, तर त्या शहरात रेल्वे स्टेशनच नाही. मग लायसन्सच्या तयारीला आधी लागा, घर नंतर शोधा.